धुक्यातल्या तीन फेऱ्या आणि एक 'हूं'

नाटकात माझं काम एकच होतं. कोणी विसरलं की आठवण करून द्यायची, आणि ती आपण करून दिली हे कोणाला कळू द्यायचं नाही. बावीस वर्षं मी हे काम इमानेइतबारे केलं. त्यामुळे आमच्या गावातल्या निम्म्या नाटकवेड्यांना मी माहीत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना मी तिकीट खिडकीवरची बाई म्हणून माहीत आहे. दोन्ही खरं आहे. थिएटर छोटं, त्यामुळे सकाळी तिकीट खिडकीवर फोन घेणं, दुपारी स्टेजवरच्या वस्तू जमवणं आणि प्रयोगाला विंगेत पुस्तक घेऊन बसणं, तिन्ही कामं माझ्याकडेच होती.

गाव म्हणजे डब्लिन. आयर्लंडमधलं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोमधलं. पुण्यातली माझी जाऊ अजूनही सगळ्यांना सांगते की आमची शालन आयर्लंडला असते, आणि मी आता तिला दुरुस्त करणं सोडून दिलंय. इथल्या लोकांनाही तसंच वाटतं म्हणा. मार्च महिन्यात एका आयरिश सणाला अख्खं गाव हिरवे कपडे घालून फिरतं. आयर्लंड पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागतो.

तर आधी धंद्याबद्दल थोडं सांगते. प्रॉम्प्टरचं काम म्हणजे पुढचं वाक्य फेकणं, असं लोकांना वाटतं. ते कोणालाही जमेल. खरं काम आहे ते नट थांबला की विसरलाय की अभिनय करतोय, हे ओळखण्याचं. अभिनय करणारा थांबला तरी श्वास घेत असतो. विसरलेल्याचा श्वास आधी बंद पडतो, मग तोंड. मी बावीस वर्षं नटांच्या तोंडाकडे न बघता बरगड्यांकडे बघत आले. दुसरं म्हणजे कुठला शब्द द्यायचा. वाक्य 'आणि'ने सुरू होत असलं तरी 'आणि' देऊन काडीचा उपयोग नाही. वाक्याच्या पोटातला शब्द द्यायचा. 'होडी' म्हटलं की माणूस होडीत बसतो आणि आपला आपण पुढे जातो.

नमुने खूप पाहिले. एका बाईंनी आपली वाक्यं चहाच्या कपात आतल्या बाजूने लिहून ठेवली होती. पहिल्या प्रयोगाला समोरच्या नटाने उत्साहाच्या भरात त्यात खरा चहा ओतला, आणि बाईंचा दुसरा अंक डोळ्यांदेखत विरघळला. ब्रॅड नावाचा आमचा एक नट दिवसा वकिली करायचा. त्याला शब्द दिला की तो स्टेजवरून विंगेकडे वळून म्हणायचा, "मला माहीत आहे." माहीत असतं तर मी कशाला दिला असता? पण वकिलाशी वाद कोण घालणार.

माझ्या बावीस वर्षांत एकच नाटक असं झालं की ज्यात मी माझ्या कामाचे सगळे नियम मोडले. ते सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे.

नाटक आमच्याच गावातल्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी लिहिलेलं. आयर्लंडमधल्या एका खेड्यातला पब, त्याचा शेवटचा दिवस, उद्यापासून तो बंद होणार. रोजची पाच गिऱ्हाइकं येतात, बसतात, पितात आणि गोष्टी सांगतात. बस्स. कथानक विचाराल तर शून्य. आमची दिग्दर्शिका मेगन, तिशीची, हुशार आणि घाईची मुलगी, म्हणायची की या नाटकात ऐकणं हीच ॲक्शन आहे.

पिणं मात्र भरपूर होतं आणि ते माझ्या खात्यात. ती काळी आयरिश बिअर येते ना, वर पांढरा फेस असलेली, ती खरी दिली तर दुसऱ्या अंकापर्यंत नट आडवे व्हायचे. म्हणून मी गार कोरी कॉफी पाण्यात पातळ करून वापरली. फेस काही केल्या जमेना. शेवटी छोले उकडलेलं पाणी घुसळून बघितलं, तर असा घट्ट फेस आला की अर्धा तास हलेना. मग काय, तालमी सुरू असेपर्यंत आमच्या घरी दिवसाआड छोले. आमचे हे तिसऱ्या आठवड्यात ताटाकडे बघून म्हणाले, "आयर्लंड कधी संपतंय?"

या नाटकातली सगळ्यात मोठी गोष्ट होती म्हाताऱ्या नावाड्याची, आणि ते काम करत होता वॉल्टर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर शाळेची बस चालवलेला, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. माझ्याबरोबर त्याची पंचवीसेक नाटकं झाली असतील. एवढ्या नाटकांत मी त्याला फार तर दहा शब्द दिले असतील, आणि प्रत्येक शब्दासाठी त्याने मला दुसऱ्या दिवशी केळं आणून दिलं. फूल का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, फूल खाता येत नाही.

नावाड्याची गोष्ट अशी. तळ्यावर दाट धुकं. काठावर एक बाई उभी, हातात अंड्यांची टोपली. म्हणते, पलीकडे सोड. नावाडी तिला सोडून परत येतो, तर ती पुन्हा याच काठावर, तीच टोपली घेऊन उभी. पुन्हा सोडतो. परत येतो तर पुन्हा उभी. तिसऱ्या फेरीला तो मध्यावर वल्हं थांबवतो आणि विचारतो, "बाई, तुला नक्की जायचंय तरी कुठे?" ती म्हणते, "मला कुठेच जायचं नाही. जाताना तू बोलत असतोस. येताना एकटा गप्प येतोस. ते मला बघवत नाही."

गोष्ट चांगली, पण प्रॉम्प्टरच्या दृष्टीने जीवघेणी. कारण तिन्ही फेऱ्या एकाच वाक्याने सुरू होतात. "मी वल्हं उचललं आणि धुक्यात शिरलो." नटाची एकदा मोजणी चुकली की तो गोल गोल फिरत राहतो. पहिल्याच तालमीत वॉल्टरने त्या बाईला पाच वेळा पलीकडे सोडलं. पबवाल्याचं काम करणाऱ्या मुलाने तेवढ्यात एकच ग्लास अकरा वेळा पुसला. सगळे हसले, वॉल्टरही हसला. दुसऱ्या तालमीत चार फेऱ्या झाल्या तेव्हा हसू जरा कमी झालं.

माझी चूक झाली ती तिसऱ्या तालमीत. मी पुस्तकावर बोट ठेवून विंगेत बसले होते, आणि वॉल्टर गोष्ट सांगायला लागला तसं माझ्या तोंडून आपोआप गेलं, "हूं."

आता आपल्याकडे गोष्ट ऐकताना 'हूं' म्हणायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं आठवत नाही. माझे वडील चिपळूणला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. दवाखाना बंद असायचा त्या दुपारी ते आम्हा भावंडांना गोष्ट सांगायचे. 'हूं' थांबला की पोरं झोपली असं समजून ते उठून जायचे, मग राजकन्या राक्षसाच्या तावडीत असली तरी. म्हणून आम्ही डोळे मिटत आले तरी 'हूं' सोडायचो नाही.

पण अमेरिकन माणसाला 'हूं' ऐकू आलं की वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय. वॉल्टर जागच्या जागी थांबला. "काय चुकलं?" त्याने विंगेकडे बघून विचारलं.

"काही नाही. पुढे सांग."

"मग तू हूं का म्हणालीस?"

"मी ऐकतेय म्हणून."

"ऐकतेयस हे सांगावं लागतं?"

"आमच्याकडे लागतं," मी म्हटलं. "नाहीतर सांगणारा उठून जातो."

त्याला ते फार आवडलं. म्हणाला, "मग म्हणत राहा." मी म्हणत राहिले, आणि त्या तालमीत बाई बरोबर तीन फेऱ्यांत पार झाली.

त्या दिवशी पार्किंगमध्ये तो माझ्या गाडीपाशी आला. हातात केळं नव्हतं. म्हणाला, "शालन, डॉक्टर म्हणतात सुरुवात झाली आहे. नावं जातात आधी, मग बाकीचं. मेगनला सांगू नकोस. हे एक नाटक होऊ दे."

मी हो म्हटलं. दोन दिवसांनी मेगनने मला बाजूला घेऊन विचारलं, "वॉल्टर ठीक आहे ना?" आणि मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "दमलाय जरा." तिने मान हलवली. म्हणाली, "गुरुवारच्या तालमीत फेऱ्या चुकल्या तर मला ब्रॅडला घ्यावं लागेल. त्याचं सगळं पाठ आहे." पाठ असणारच. ब्रॅडला सगळं माहीतच असायचं. मी खोटं बोलले हे बरोबर की चूक, ते मला आजही कळलेलं नाही. त्या मुलीचा माझ्यावर विश्वास होता, एवढं मात्र मला आठवत राहतं.

मग मी आणि वॉल्टरने एक खूण ठरवली. पहिल्या फेरीला एक हूं. दुसरीला दोन, हूं हूं. आणि तिसऱ्या फेरीला मी म्हणायचं, "मग?" तो शब्द त्याने घोटून घोटून पाठ केला. 'मग' म्हणजे इंग्रजीत कॉफीचा पेला, त्यामुळे त्याच्या लक्षात राहणं सोपं होतं. 'मग' ऐकू आला की वल्हं थांबवायचं आणि बाईला प्रश्न विचारायचा.

गुरुवारी तीन फेऱ्या चोख झाल्या. ब्रॅड पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण मेगनचे कान तिखट. म्हणाली, "विंगेतून आवाज कसला येतोय?" मी सांगितलं, आमच्याकडे गोष्ट अशी ऐकतात. खुणेबद्दल अर्थातच बोलले नाही. मेगन उडालीच. तिला म्हणे हेच हवं होतं, ऐकण्याचा आवाज. तिने लगेच बाकीच्या पाचही नटांना 'हूं' शिकवायला घेतलं. पाच अमेरिकन एका वेळी 'हूं' म्हणाले तेव्हा पब न वाटता गोठा वाटायला लागला, आणि दहा मिनिटांत तो बेत कॅन्सल झाला. मग ती म्हणाली, "शालन, तूच स्टेजवर बस."

"आयर्लंडच्या खेड्यात मी कुठून येणार?"

"तिथल्या हॉस्पिटलमध्ये इंडियन डॉक्टर असतोच. तू त्याची आई."

अशा तऱ्हेने बावीस वर्षं अंधारात काढल्यावर मी उजेडात आले. कोपऱ्यातलं टेबल, अंगात लोकरीचा स्वेटर, हातात वर्तमानपत्र आणि त्याच्या आत पुस्तक. पात्राला नाव नाही, वाक्य नाही. मुलीला फोन केला तर अदिती म्हणाली, "आई, यू आर इन द प्ले? लाइक, ॲक्टिंग?" मी म्हटलं, नाही, बसायचंय फक्त. "सो बेसिकली यू." मुलं आपल्याला किती ओळखून असतात.

तालमी संपल्या. शुक्रवार, शनिवारचे प्रयोग उत्तम गेले. रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला मात्र खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. मेगन म्हणाली, तुझ्या लोकांना विचार. मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, आणि खाली नियम लिहिले. फोन बंद. चिवड्याची पाकिटं गाडीतच ठेवायची. मध्येच 'ती बघ शालन' असं म्हणायचं नाही. सत्तावीस जण येतो म्हणाले. मंडळातल्या, मूळच्या नागपूरच्या सोनलने फोन केला. "काकू, आई आलीय ना सहा महिन्यांसाठी. तिला इंग्लिश येत नाही, पण घरी एकटीला कसं ठेवू यार?"

"आण की," मी म्हटलं. "बिअरचा फेस बघेल."

पडदा उघडला तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत आमची मंडळी ओळीने बसलेली, आणि तिसरीत मधोमध इंदूमावशी, सोनलची आई, पदर सावरून, हात मांडीवर ठेवून. माझ्या नियमांचा एवढा परिणाम झाला होता की सत्तावीस मराठी माणसं श्वासही जपून घेत होती. असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

वॉल्टरने गोष्ट सुरू केली. "मी वल्हं उचललं आणि धुक्यात शिरलो." मी म्हटलं, हूं. बाई पार झाली. परत आला. "मी वल्हं उचललं आणि धुक्यात शिरलो." हूं हूं.

आणि मग जे झालं ते प्रॉम्प्टरने कधी करू नये. मी गोष्ट ऐकायला लागले.

तुम्हाला वाटेल, बावीस वर्षं बाई थिएटरात बसली, हिने शेकड्यांनी नाटकं ऐकली असतील. मी एकही ऐकलं नव्हतं. प्रॉम्प्टर शब्द ऐकते, गोष्ट ऐकायची तिला परवानगी नसते. गोष्टीत शिरलात की पानावरचं बोट सुटतं. त्या दुपारी वॉल्टर माझ्याकडे बघून सांगत होता आणि मला ते तळं दिसायला लागलं. परतीच्या वाटेवर रिकामी होडी घेऊन येणारा तो माणूस दिसायला लागला. वॉल्टर रोज कुठल्या घरी परत जातो, ते मला माहीत होतं. मला रडू आलं. डोळे पुसायला म्हणून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मी वल्हं उचललं," वॉल्टर म्हणाला, "आणि धुक्यात शिरलो." आणि थांबला.

मी त्याच्या बरगड्यांकडे पाहिलं. श्वास बंद होता.

ही कितवी फेरी? मी पुस्तक उचललं तर पान भलतंच. दुसरी की तिसरी? मी दोन हूं म्हटले होते की म्हणायची राहिले होते? चुकीची खूण दिली तर तो पुन्हा काठावर जाणार आणि मग तिथून त्याला परत आणायला कोणी नाही. विंगेत ब्रॅड उभा होता, तो एक पाऊल पुढे सरकलेला मला दिसला. पबवाल्याने ग्लास पुसायला घेतला. मी पानं मागेपुढे उलटत होते, पण ती ओळ सापडेना. जी बाई दुसऱ्यांना आठवण करून देते, तिला कोण आठवण करून देणार?

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून, अगदी घरात बसल्यासारखा, स्वच्छ आवाज आला.

"हूं. मग?"

इंदूमावशी.

सोनलने आईचा हात दाबलेला मला दिसला. पण वॉल्टरच्या बरगड्या हलल्या. तो वळला, स्टेजच्या कडेपर्यंत चालत गेला आणि मावशींकडे बघून म्हणाला, "मग मी वल्हं थांबवलं, आणि विचारलं, बाई, तुला नक्की जायचंय तरी कुठे?"

"हूं," मावशी म्हणाल्या.

पुढची सगळी गोष्ट त्याने त्यांनाच सांगितली. दर वाक्याला मावशींचा हूं, आणि हळूहळू शेजारच्या काकू, मग त्यांच्या पलीकडचे काका, मग अख्खी रांग. माझे सगळे नियम मोडीत निघाले. शेवटचं वाक्य आलं, "ते मला बघवत नाही," तेव्हा चौथ्या रांगेतले दोन गोरे आजोबासुद्धा हूं म्हणाले. वॉल्टरने ग्लास उचलून छोल्यांच्या पाण्याचा तो फेस एका घोटात संपवला.

मेगनला वाटलं हे मी मुद्दाम जमवून आणलं. मी नाकारलं नाही. एक खोटं पचलं की दुसरं सोपं जातं. ब्रॅडने विंगेत मला गाठून सांगितलं की ती तिसरी फेरी होती हे त्याला माहीत होतं.

प्रयोगानंतर वॉल्टर मावशींना भेटायला बाहेर आला आणि त्यांचा हात हातात घेऊन उभा राहिला. मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चांगली सांगून राह्यला होता वं म्हातारा. काय होती गोष्ट?"

मी बघतच राहिले. "मावशी, तुम्हाला कळली नाही, तर मग 'मग' का म्हणालात?"

"अवं, थांबला ना तो," त्या म्हणाल्या. "सांगणारा थांबला तर इचारा लागते."

वॉल्टरने विचारलं, काय म्हणाल्या? मी भाषांतर करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला एक केळं दिलं आणि मावशींसाठी म्हणून अख्खा घड.

त्यानंतर वॉल्टर स्टेजवर आला नाही. मीही पुढच्या वर्षी निवृत्त झाले, कारण एकदा गोष्ट ऐकायची चटक लागली की प्रॉम्प्टर म्हणून तुम्ही बाद. आता तो गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात असतो. दर मंगळवारी दुपारी मी जाते. माझं नाव त्याला आठवत नाही, केळ्याचं कारणही आठवत नाही, पण मी समोर बसले की तो धुक्यात शिरतो. बाई पलीकडे जाते, परत काठावर येते. पाच फेऱ्या होतात, सात होतात. तिथली नर्स फार प्रेमळ आहे. ती एकदा जाता जाता म्हणाली, "वॉल्टर, ही गोष्ट तू आत्ताच सांगितलीस."

तो गोंधळून थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. माझ्या मांडीवर पुस्तक नव्हतं आणि कितवी फेरी ते मी मोजत नव्हते.

"मग?" मी म्हटलं.